तीन नंबरचं बटण

मी बटणांचा फोन बोलतोय. आणि पुढचं काही सांगायच्या आधीच कबूल करतो, मी जळका आहे. आमच्यातले बाकीचे आपली गोष्ट सांगायला बसले की 'मी सेवा केली, मी झिजलो' असं सुरू करतात. झिजलो तर मीही आहे. माझं पाचाचं बटण बघा, त्यावरचा आकडा कधीच पुसला गेलाय. पण माझी खरी गोष्ट झिजण्याची नाही. ती पोटातल्या जळजळीची आहे, आणि ती जळजळ एका काळ्या, गुळगुळीत, एकही बटण नसलेल्या पाटीमुळे उठली.

माझा जन्म लांबच्या कुठल्याशा कारखान्यात झाला. मी पट्ट्यावरून सरकत गेलो, कुणी माझी बटणं बसवली, कुणी पाठ लावली, आणि खोक्यात बंद होऊन मी चाकणला आलो. माणिक चौकातल्या एका दुकानात मला काचेच्या कपाटात ठेवलं, तेही सगळ्यात खालच्या फळीवर. वरच्या फळीवर मोठे फोन, त्यांच्यावर वेगळा दिवा. गिऱ्हाईक आत आलं की त्याची नजर वर जायची. खाली बघायला वाकावं लागतं, आणि माणूस उगाच वाकत नाही. जळायची सवय मला तिथेच लागली.

माझ्यासाठी पहिल्यांदा वाकला तो निघोजे गावचा ऋतिक. एकोणीस वर्षांचा होता, गाड्यांचे भाग करणाऱ्या एका कंपनीत ट्रेनी म्हणून लागला होता. त्या कंपनीच्या गेटवर नियम कडक, कॅमेऱ्याचा फोन आत न्यायचा नाही. मला कॅमेरा नाही म्हणून त्यानं मला घेतलं. म्हणजे माझं पहिलं कौतुक झालं ते माझ्या आंधळेपणाचं. तरी मी खूश होतो. रोज गेटवर मोठमोठे फोन टोपलीत पडायचे आणि मी ऐटीत आत जायचो.

दोन वर्षांनी तो पर्मनंट झाला. त्याला लॉकर मिळाला, मग हप्त्यावर मोठा फोन आला. मला त्यानं स्वयंपाकघराच्या दारातून आईकडे फेकलं. "आई, धर. तुला मार्केटात उपयोगी पडंल." तिनं मला पदरात झेललं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि कमरेच्या पिशवीत टाकलं. पिशवीत मिश्रीची डबी आधीपासून राहत होती. पहिले आठ दिवस मी त्या डबीवरही जळलो.

ती आई म्हणजे गवराबाई. चाकणच्या बाजारात तिला न ओळखणारा माणूस नवखा समजावा. शेतकऱ्याचा कांदा गाळ्यावर उतरला की तो निवडावा लागतो. मोठा एका बाजूला, बारकी गोल्टी एका बाजूला, जोडकांदा आणि सडका वेगळा. हे काम बायकांच्या टोळ्या करतात आणि गवराबाई अशाच एका टोळीची मुकादम, बावीस वर्षांपासूनची. जमीन कंपन्यांत गेली, नवरा बबनराव देवळाच्या पारावर बसता झाला, पण हिची मुकादमी काही सुटली नाही. 'मुकादमीण' म्हटलेलं तिला आवडत नसे. "मुकादम म्हन. त्यात काय बाई न् काय बापय," असं ती तोंडावर सांगायची.

तिला वाचता येत नाही. पण माझ्या बटणांवरून तिचं बोट असं फिरायचं की वाचणाऱ्यांनी बघत राहावं. ऋतिकनं एकेका बटणावर एकेक माणूस बसवून दिला होता. दोन दाबून धरलं की ऋतिक. चार म्हणजे अडते अर्जुनराव यांच्या गाळ्यावरचे दिवाणजी, पाच म्हणजे बायका आणणारा टेम्पोवाला. बाकी बायका यादीत होत्या, चाळीसच्या वर. गवराबाई खालचं बटण मोजून दाबायची. सात वेळा दाबलं की अमकी, अकरा वेळा दाबलं की तमकी. कुणाचं नाव कितव्या पायरीवर आहे हे माझ्यापेक्षा तिला जास्त ठाऊक होतं. असं कुणी आपल्याला ओळखत असेल तर माणसाला काय, फोनालाही चढतं.

आणि तीन नंबर? तीनवर कस्तुरा होती.

कस्तुरा सतराव्या वर्षी टोळीत आली तेव्हा तिला गोल्टी आणि तिच्याहून बारीक चिंगळी यातला फरक कळत नव्हता. गवराबाईनं तिला हाताखाली घेतलं, कांद्याची मान दाबून आतला सडका कसा ओळखायचा ते शिकवलं. पुढे पुढे काहीही अडलं की गवराबाई तीन दाबायची. बायका कमी पडल्या, तीन. टेम्पो बंद पडला, तीन. चार वर्षांपूर्वी कस्तुरानं स्वतःची टोळी काढली. भांडण म्हणावं असं झालं नाही. ती फक्त म्हणाली, "मावशी, आता माजं मी बगते." गवराबाई म्हणाली, "बग की." त्या दिवसापासून तीनवर बोट पडलं नाही. पण तिथून कस्तुराला काढलंही नाही. ऋतिक एकदा म्हणाला, "आई, तीनवर दुसरं कुणी टाकू का?" तर गवराबाईनं भाकरी थापता थापता नुसतं "ऱ्हाऊ दे" म्हटलं.

कस्तुराच्या टोळीत स्कूटीवरून येणाऱ्या पोरी, प्रत्येकीच्या हातात मोठा फोन. गेल्या वर्षी गाळ्यांवरच्या दिवाणजींनी मिळून व्हॉट्सॲपचा ग्रुप काढला. उद्या किती बायका हव्यात ते दिवाणजी त्यात बोलून टाकायचे, ढिगाचा फोटो टाकायचे, आणि ज्या मुकादमाचं उत्तर आधी येईल त्याला काम. फोन कोण करत बसतोय आता? गवराबाईच्या टोळीत अठरा बायका होत्या, त्या नऊ झाल्या. काही कस्तुराकडे गेल्या, काही घरी बसल्या.

गवराबाई बोलायची नाही, पण मी तिच्या कमरेला होतो. बाजारात कस्तुरा समोरून फोन कानाला लावून गेली की गवराबाईचा हात पिशवीवर यायचा आणि मला घट्ट दाबायचा. मला वाटायचं, माझ्यावरचा जीव आहे. पुढे कळलं, ती लाज होती. मला ती झाकत होती.

एका गुरुवारी संध्याकाळी तिनं घरात जाहीर केलं, "मला मोठा फोन पायजे."

पारावरून नुकतेच आलेले बबनराव हसले. "आता ह्या वयात?"

"वय फोनला लागतंय का मला? कामं चाललीत हातची. ह्यो बाजार गेला तर मी काय तुमच्यासंगं पारावर बसू?"

बबनराव हातपाय धुवायला मोरीकडे गेले.  माझ्या पाठीचं झाकण सैल झालं होतं, त्यावर तिनं रबरबँड लावला होता. मला उगाच वाटलं, झाकण जरा घट्ट असतं तर ही वेळ आली नसती.

रविवारी आम्ही विक्कीच्या दुकानात गेलो. विक्की देहूरोडचा, दुकान चाकणात, बोलायला गोड. आम्ही म्हणजे मी, गवराबाई, ऋतिक आणि ऋतिकची बायको आरोही. मी पिशवीतून काऊंटरवर आलो आणि सगळा अपमान डोळ्यांनी पाहिला. डोळे नाहीत मला, तरी पाहिला.

ऋतिकचं मन आयफोनवर होतं. त्याच्या एका मित्राचा वापरलेला विकायला होता. "आई, जुना असला तरी नाव हाय. बाजारात काढला तर लोक बघत राहतील."

लोक बघत राहतील म्हटल्यावर गवराबाईच्या डोळ्यांपुढे एकच माणूस आला असणार. ती क्षणभर मोहात पडली, हे मला कळलं. पण आरोही मध्ये पडली. आरोही क्वालिटी विभागात काम करते, तिला प्रत्येक वस्तू मोजून बघायची खोड आहे. ती म्हणाली, "आई, तुम्ही एक सिस्टीम सोडून दुसरीवर चाललाय. सगळं नव्यानं शिकावं लागणार. घरात मला आणि ह्यांना अँड्रॉइड येतं. अडलं तर आम्ही दाखवू शकतो. जो घरातल्यांना येतो तोच घ्या. आणि जुना घेऊन बॅटरी बदलत बसण्यापेक्षा साधा का असेना, नवा घ्या."

"नऊ हजारांच्या आत," गवराबाई म्हणाली.

विक्कीनं चार फोन मांडले आणि मेगापिक्सेल, रॅम असं काहीबाही म्हणायला लागला. गवराबाईनं हात वर केला. "तू थांब जरा, भाऊ. मला निवडू दे."

आणि तिनं फोन निवडले ते कांद्यासारखे. एकेक हातात घेऊन तोलला. कडा दाबून पाहिल्या. मग विक्कीला म्हणाली, "वाजव. जोरात वाजव. आन् तू भायेर रस्त्यावर जाऊन बोल, कंटेनर जात असतानी ऐकू येतंय का बगते." विक्की बिचारा रस्त्यावर जाऊन 'हॅलो, हॅलो' करत राहिला. मग तिनं बोट तोंडाला लावून ओलं केलं आणि काचेवर फिरवलं, कारण कांदा निवडताना हात कोरडे नसतात. दोन फोनांना ओलं बोट कळलं नाही. ते बाद. उरलेल्या दोनांत एकाची बॅटरी मोठी. उन्हात धरल्यावर त्याचं चित्रही दिसत होतं. "ह्यो," ती म्हणाली.

खरं सांगतो, निवड चोख होती. म्हणूनच जास्त झोंबली. तिनं एखादा फालतू, दिखाऊ फोन घेतला असता तर मी दोन महिने वाट बघून हसलो असतो.

मग विक्कीनं मला उचललं, चार बटणं दाबली आणि मान हलवली. "मावशी, यातले नंबर त्यात असे जाणार नाहीत. सगळे फोनात साठवलेत, सिमकार्डात नाहीत. याची सिस्टीम वेगळी, त्याची वेगळी. एकेक नंबर हातानं भरावा लागंल."

माझा जीव भांड्यात पडला. बस बोंबलत, मी नव्या फोनाला म्हटलं. चाळीस बायका माझ्या पोटात आहेत, त्या काही तुला मिळत नाहीत.

घरी आल्यावर आरोहीनं नव्यात मोजके नंबर भरले. टोळीतल्या नऊ जणी, घरची माणसं, दिवाणजी, टेम्पोवाला. प्रत्येकाच्या नावाला तिनं फोटो लावला, कारण सासूला अक्षर ओळखत नाही पण तोंड ओळखतं. हे मात्र मला ठाऊक नव्हतं. सात वेळा दाबायचं नाही, अकरा वेळा दाबायचं नाही. तोंडावर बोट ठेवलं की लागला फोन. गवराबाई एकेक फोटो सरकवत होती आणि लहान मुलीसारखी हसत होती. माझ्याकडे बघून ती सात वर्षांत एकदाही अशी हसली नव्हती.

"कस्तुराबाईंचा नंबर भरू?" आरोहीनं विचारलं.

"तिचा नगं."

"असू दे की, आई. लागतो कधी."

"नगं म्हनले ना."

माझं सिमकार्ड काढून त्या नव्याला दिलं. माझ्यात ऋतिकनं कधीतरी घातलेलं दुसरं कार्ड होतं, तेवढं राहिलं. मला बबनरावांच्या हवाली केलं. ते पारावर माझा रेडिओ लावायचे आणि अंधार पडला की माझ्या बॅटरीच्या उजेडात घरी यायचे. वाईट वागवलं नाही त्यांनी. पण फोनाला कुणी फोन म्हणून हात लावत नसेल तर तो कंदील काय आणि फोन काय.

त्या काळ्या पाटीला मात्र कव्हर आलं, वरून काच आली, टेबलावर रुमाल आला. मला सात वर्षांत एक रबरबँड. रोज संध्याकाळी गवराबाई त्या नव्या फोनाला मांडीवर घेऊन बसायची. दिवाणजींचे आवाज त्यातून यायचे, "उद्या दहा बायका पाहिजेत, माल मोठा आहे," आणि ती उत्तरात अंगठा पाठवायची. आरोहीनं तो शिकवला होता. 'ऐकलं, कळलं' म्हणायचं असेल तर अंगठा. गवराबाईला तो फार आवडला. दर निरोपाला अंगठा. कुणी देवाचा फोटो टाकला, अंगठा. कुणाची म्हैस व्याली, अंगठा. मी कोनाड्यातून बघत होतो आणि मनात म्हणत होतो, नव्याचे नऊ दिवस.

नऊ नाही, बारा दिवस झाले.

शनिवार म्हणजे चाकणचा मोठा बाजार. त्याच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी दुपारी चहाच्या वेळेला अर्जुनरावांच्या दिवाणजींचा फोन आला. "गवराबाई, उद्या साडेसातला दहा बायका. नक्की ना?"

"व्हय, नक्की."

पाच मिनिटांनी हिंदुरावांच्या गाळ्यावरून फोन. "मावशी, उद्याच्या दहा बायका तुमच्याच ना?"

गवराबाईनं विचारलं, "तुमच्याकडं कुनी सांगितलं?"

"कुनी म्हणजे? तुमचा अंगठा हाय की ग्रुपवर. सगळ्यात आधी तुमचाच. म्हणून बाकीचे मुकादम गप बसले."

मग टोकाच्या गाळ्यावरून तिसरा फोन. तिथेही अंगठा, तिथेही दहा.

चूक कळायला तिला वेळ लागला नाही. गेल्या शनिवारी एकाच गाळ्याचा निरोप होता, म्हणून ती झाकली गेली होती. आयुष्यभर ती फोनवर दिवाणजींचं बोलणं 'हां, हां' करत ऐकायची आणि शेवटी 'बघते, सांगते' म्हणायची. 'हां' म्हणजे ऐकलं, घेतलं नव्हे. अंगठ्याचाही अर्थ तिनं तोच धरला होता. ग्रुपवर मात्र अंगठा म्हणजे सौदा. तीन गाळे, तीस बायका. आणि ग्रुपचा नियम दिवाणजींनी पहिल्याच दिवशी बोलून सांगितला होता, काम घेऊन बायका न आणणाऱ्याला काढून टाकणार. काढलं की बाजारातून नाव गेलं. बावीस वर्षांची मुकादमी एका अंगठ्यात जाणार होती.

ती ओट्यावर बसली. घरात बबनरावांशिवाय कुणी नव्हतं. आरोही दुसऱ्या शिफ्टला गेलेली, ऋतिक ओव्हरटाइमला थांबलेला, दोघांचेही फोन लॉकरमध्ये. काळ्या पाटीवर ती एकेक तोंड सरकवत होती. नऊ तोंडं आणि दहावी ती स्वतः. तेवढ्यात एकच गाळा भागत होता.

माझ्या मनात काय आलं ते लपवत नाही. मला आनंद झाला. म्हटलं, घे अजून गुळगुळीत फोन. तिचं तोंड पांढरं पडलं होतं आणि मी कोनाड्यात बसून खूश होत होतो. आज त्याची लाज वाटते, पण जळका म्हणून सांगितलंय तर हेही सांगायलाच हवं.

"अवो," ती एकदम उठली, "तो जुना फोन कुठाय?"

बबनराव म्हणाले, "कोनाड्यात. का गं?"

"त्यात बायका हायेत."

तिनं मला घेतलं. रबरबँड नीट बसवला. आणि तिचं बोट माझ्या खालच्या बटणावर पडलं, सात वेळा. बारा दिवसांनी! मी एकही नाव अडखळू दिलं नाही. ज्या बायका गुडघे दुखतात म्हणून घरी बसल्या होत्या, ज्यांना ग्रुप काय ते ठाऊक नव्हतं, ज्यांना कुणी वर्षभर फोन केला नव्हता, त्या सगळ्या माझ्यापाशी होत्या. प्रत्येकीच्या घरी माझ्यासारखाच बटणांचा फोन.

"येती का उद्या? एक दिसाचं काम हाय. माजी अडचन हाय."

कुणी म्हणाली, "आगं, गुडगं." गवराबाई म्हणाली, "बसायला पोतं दिते दोन घड्यांचं." कुणी म्हणाली, "मला वाटलं, इसरलीस." गवराबाई म्हणाली, "इसरले न्हवते. बोलावलं न्हाई, येवडं खरं." मोई गावच्या गिरजाबाईचा नंबर बंद लागला, तिचा फोन पडून फुटला होता. पण तिच्या शेजारणीचा नंबर माझ्याकडे होता. शेजारीण अंगणातून ओरडत गेली आणि गिरजाबाईला बोलावून आणलं. तासाभरात दहा जणी झाल्या. दुसरा गाळा भागला.

तिसरा उरला. यादी संपली होती. दहा तरण्या बायका एका रात्रीत उभ्या करील असं बाजारात एकच माणूस होतं.

गवराबाईनं मला ओट्यावर ठेवलं. पदर झटकला. आत जाऊन पाणी प्यायली. परत येऊन मला उचललं आणि तीन नंबर दाबून धरलं.

"हॅलो, कोन?" पलीकडून आवाज आला. "नंबर वळखला न्हाई."

"कस्तुरे, मी गवरा. जुन्या फोनवरनं बोलते. नव्यात तुजा नंबर न्हाई."

"मग घालायचा की, मावशी."

"घातला न्हाई म्हनून न्हाई."

 मग कस्तुरा हसली, कडू नाही, साधं हसली. "तीन गाळ्यांना अंगठा दिलास. मला वाटलं, मावशी समदा बाजार घ्याया निगाली. म्हनून मी गप ऱ्हायले."

"मला वाटलं अंगठा म्हंजी 'ऐकलं'." गवराबाईचा आवाज खाली आला. "माज्याच्यानं दोन व्हत्यात. तिसरा व्हत न्हाई. तू आली न्हाईस तर मी बाजारातनं उठले बग."

"टोकाचा गाळा मी घेते. पन ग्रुपवर तू सांगायचं, तुज्या तोंडानं. न्हाईतर दिवानजी म्हनत्यात, हिनं मावशीचं काम वडलं. माज्याबद्दल तसं चार वर्सं म्हनत्यात."

गवराबाईनं मला कानाशी आणखी घट्ट धरलं. माझ्या कानावर तिचा श्वास येत होता. तिच्या मनात चार वर्षं काय होतं ते मला ठाऊक होतं, कारण माझ्याही मनात बारा दिवस तेच होतं. जो आपल्या हाताखालून निसटून वर गेला, तो खाली पडावा असं वाटणं. तिचं आणि माझं दुखणं एकच होतं, फक्त तिनं तीन दाबलं आणि मला दाबायला काही नव्हतं.

"सांगते," ती म्हणाली.

मग तिनं ती काळी पाटी उचलली आणि त्यात बोलली. "मी निघोज्याची गवराबाई बोलते. माज्याकडून अंगठ्याची चूक झाली. टोकाचा गाळा कस्तुराचा. ती माज्याच हाताखाली शिकली, काम चोख करंल." आणि पाठवून दिलं. बघा, कस्तुरापर्यंत मी पोचवलं, पण सगळ्या बाजारापुढे बोलण्याचा मान त्या नव्याला मिळाला.

शनिवारी तिनं आम्हा दोघांना एकाच पिशवीत घातलं. मिश्रीची डबी आमच्या मध्ये. सकाळी साडेसातला तिन्ही गाळ्यांवर बायका बसल्या होत्या. म्हाताऱ्या हात थोडे सावकाश चालत होते, पण त्यांच्या ढिगात एक सडका कांदा गेला नाही. दिवाणजी दोनदा येऊन बघून गेले आणि काही न बोलता परत गेले, म्हणजे काम पसंत होतं. दुपारपर्यंत गोण्या शिवून झाल्या. मी पिशवीत इतका फुगलो होतो की रबरबँड तुटेल असं वाटत होतं. गवराबाई आता मला सोडणार नाही. कशी सोडेल?

जेवणाच्या सुट्टीत आरोही आली. तिला दुपारनंतरची शिफ्ट होती. गवराबाईनं दोन्ही फोन काढून तिच्या हातात दिले. "ह्यातल्या समद्या बायका त्यात घाल. येकपन ऱ्हाता कामा नये. समद्या हितंच हायेत, फोटु काढ."

मला कळायला थोडा वेळ लागला. मग कळलं. आरोही माझ्यातलं एकेक नाव वाचत होती, "कोण, इकडं बघा," म्हणत होती, आणि ती पाटी फोटो काढत होती. कांद्याची सालं डोक्याला लागलेल्या, भाकरीचा घास तोंडात असलेल्या, पदर सावरणाऱ्या बायका एकेक करून माझ्यातून निघून त्याच्यात गेल्या. आणि त्या कोण, कुठल्या, ते मीच सांगत होतो. शुक्रवारी मी जे केलं ते केलं नसतं, तर कुणाला आठवलंही नसतं की माझ्यात इतकी माणसं आहेत. माझ्या हुशारीनंच मी रिकामा झालो.

"तिचापन काढ," गवराबाई म्हणाली. कस्तुरा टोकाच्या गाळ्यावरून हात पुसत आली होती. ती उभी राहिली, ताठ. "मावशी, हातात कांदा धरू का?" गवराबाई म्हणाली, "धर. पन चिंगळी नगं धरू, मोठा धर." तिथं बसलेल्या सगळ्या बायका हसल्या. कस्तुराचा फोटो निघाला. मी हसलो नाही.

जाताना गवराबाईनं मला हातात घेतलं. अंगठ्यानं माझं पाचाचं बटण चोळलं, आकडा पुसला गेलेलं. मग मला गिरजाबाईच्या हातात ठेवलं. "तुजा फुटलाय ना? ह्यो घे. चार्जर सोमवारी टेम्पोवाल्याकडं दिते. आता बोलावलं न्हाई असं म्हनू नगंस."

गिरजाबाईनं मला दोन्ही हातांनी घेतलं. "आगं, मला लावाया कुटं येतंय?"

गवराबाई आरोहीला म्हणाली, "हिच्या तीन नंबरवर मला ठेव. बाकी काय नगं. अडलं की तीन दाबायचं, गिरजे, दाबून धरायचं." आरोहीनं तसं केलं, आणि माझ्यातल्या कार्डाचा नंबर त्या पाटीत गिरजाबाईच्या नावावर घातला. मग गवराबाईनं स्वतः, कुणाला न विचारता, त्या पाटीवर बोट ठेवून गिरजाबाईचा नवा फोटो काढला. मी तिच्या कानाला लागलेला, असा. म्हणजे माझा फोटो माझ्या वैऱ्याच्या पोटात आहे.

आता मी मोईत राहतो, गिरजाबाईच्या चुलीजवळच्या फळीवर. इथे माझ्यावर जळायला कुणी नाही आणि मला जळायला कुणी नाही, असं वाटलं होतं. पण आठवड्यातून दोनदा, बाजाराच्या आदल्या दिवशी, गवराबाई त्या फोटोवर बोट ठेवते. तिथून तो हाक मारतो आणि इथे मी वाजतो. माझ्या पडद्यावर त्याचा नंबर येतो. जळतो मी, खोटं नाही सांगत. मनात येतं, वाजूच नये. एकदा तर बॅटरी उतरल्याचं सोंग करावंसं वाटलं.

तुमच्याही घरात, एखाद्या खणात, माझ्यासारखा कुणी पडला असेल. नवा घ्यायचा तर खुशाल घ्या, कांद्यासारखा दाबून, वाजवून घ्या. फक्त जुन्याला एकदा चार्जिंगला लावून बघा, तुमच्या तीन नंबरवर अजून कोण आहे ते. आणि वाटलं तर लावा फोन.

आता मला जास्त बोलता येणार नाही. आज शुक्रवार आहे. गिरजाबाईनं भाकरी तव्यावर टाकलीय आणि कान माझ्याकडे ठेवलाय. मी रेंज धरून बसलोय.